धायरीच्या गच्चीवरची खाडी

नाना, झडप बसवली नाही.

हे आधी सांगून टाकते. इकडचं तिकडचं बोलून मग मुद्द्यावर येणं तुम्हाला आवडायचं नाही, मलाही जमत नाही. तुमच्या पुतण्यानं, सुधाकरभाऊजींनी, तुमच्या सांगण्यावरून करून घेतलेली नवी लाकडी झडप त्यांच्या अंगणात भिंतीला टेकून उभी होती. मागच्या रविवारी आम्ही गावी गेलो आणि ती बसवली नाही. जुनी, कुजलेली होती तीही काढून टाकली. तुमच्या आईवडिलांनी घातलेल्या बांधाच्या आत आता भरतीचं पाणी येतंय.

तुम्ही रागावला असतात का, हे मला कळायला आता मार्ग नाही. म्हणून लिहायला बसले.

ती उघाडी, बांधातली पाण्याची वाट, मला पहिल्यांदा तुम्हीच दाखवलीत. सून म्हणून तुमच्या घरात येऊन मला थोडे दिवस झाले होते. मी वाशीमकडची, समुद्र सोडा, खाडीसुद्धा पाहिलेली नव्हती. तुम्ही मला बांधावरून चालवत नेलंत आणि बांधाच्या पोटातलं ते भोक दाखवलंत, त्याच्या तोंडाशी दारासारखी टांगलेली लाकडी झडप. म्हणालात, "ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी हिला ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरचं पाणी हिलाच दाबून बंद करतं. म्हणजे समुद्र आपल्या हातानं स्वतःला दार लावून घेतो." हे सांगताना तुमचा चेहरा असा होता, की दार तुम्हीच शोधून काढलंय. मी विचारलं, आत काय पिकतं? तुम्ही म्हणालात, पिकायचं. खाऱ्या जमिनीतलं भात पिकायचं. आता कोणी करत नाही.

त्या दिवशी मी एवढंच विचारलं. पुढची सगळी वर्षं आपण त्याच एका जागेवरून भांडत राहिलो.

आपली पहिली भेट आठवते? मंदारसाठी मला बघायला आला होतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे, पण त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून बसले होते आणि दर दोन वाक्यांनंतर "मुलगी बीएस्सी आहे" म्हणत होते. तुम्ही विचारलंत, बॉटनी म्हणजे झाडांची नावं पाठ असतात का. मी म्हणाले, नावं सगळी पाठ नाहीत, झाड का जगतं आणि का मरतं ते शिकलेय. वडिलांनी मान खाली घातली. तुम्ही मात्र हसलात, आणि परतीच्या गाडीत मंदारला म्हणालात म्हणे, "ही पोरगी उलट बोलेल. बरंय." स्वतः तुम्ही मॅट्रिक करून बँकेत चिकटलात, कॉलेज राहून गेलं. त्यामुळं असेल, माझी पदवी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त मिरवलीत. दूधवाल्यालासुद्धा सांगितलंत, आमच्या सूनबाई बॉटनीच्या पदवीधर आहेत. आणि घरात चिडवायला 'बॉटनीबाई' म्हणायचात. दोन्ही मला आवडायचं. हे मी कधी बोलले नाही, आता बोलते.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तुम्ही गावाहून कांदळाच्या, खाडीतल्या खारफुटीच्या झाडाच्या, शेंगा आणल्यात. हातभर लांब, हिरव्या, शेवग्यासारख्या. मी तुम्हाला सांगितलं की ह्या नुसत्या शेंगा नाहीत. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, हा लांब कोंब तयार करतं आणि मग आईला सोडतं. तुम्ही एक शेंग हातात धरून खूप वेळ बघत बसलात. मग मंदारच्या गाडीच्या डिकीतून खाडीचा चिखल आला, दोन पोती. ताम्हिणी घाटात गाडी वळली की पोत्यातलं पाणी गळायचं. तो वास डिकीतून अजून गेलेला नाही. मंदार आता तो जाऊ नये म्हणून डिकी धुत नाही, असं मला वाटतं. विचारलं तर नाही म्हणेल.

धायरीच्या गच्चीवर तुमची खाडी मांडली गेली. काळ्या पिशव्यांच्या रांगा, प्रत्येकीत एक शेंग उभी. आणि त्यांना तुम्ही रोज सकाळी टाकीतलं पाणी घालायचात. वर अभिमानानं म्हणायचात, "खडकवासल्याचं पाणी आहे. दगडाला घातलं तरी पालवी फुटेल." फुटलीच. अशी तुकतुकीत पानं आली की फिरायच्या कट्ट्यावरची तुमची मंडळी मुद्दाम जिने चढून बघायला येऊ लागली. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला ती सगळी झाडं आपण खाडीवर नेली, बांधाच्या बाहेर, उघड्या चिखलात लावली. तुम्ही गुडघ्यापर्यंत रुतलात, भाऊजींनी ओढून काढलं, एक चप्पल समुद्रानं ठेवून घेतली. आणि दिवाळीपर्यंत पानं काळी पडून झाडं काठ्यांसारखी उभी होती.

मी म्हणाले, नाना, जन्मापासून गोडं पाणी पाजलेलं पोर तुम्ही एका दिवसात खाऱ्यात सोडलंत. ते कसं जगेल? तुम्ही पानं तपासत म्हणालात, "पुण्याच्या पाण्याची सवय लागली की माणसाला बाहेर करमत नाही. यांचंही तेच झालं." गावात कोणी ही चूक केली नसती. त्यांनी पिशव्या खाडीच्या काठालाच ठेवल्या असत्या, भरतीनंच त्यांना मीठ पाजलं असतं. पण तुम्हाला ती झाडं रोज उठल्याबरोबर दिसायला हवी होती. तेव्हा मला ते हट्टी वाटलं. आता तसं वाटत नाही.

मग मीठ आलं. मीच सुचवलं होतं, थोडं थोडं वाढवत नेलं तर झाड हळूहळू खाऱ्याला सरावतं. तुम्ही कोपऱ्यावरच्या वाण्याकडून खडे मीठ एवढं आणायला लागलात की त्यानं विचारलं, काका, लोणच्याचा कारखाना काढलाय का. निळ्या पिंपात मीठ ढवळायचात आणि मी शिकवते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून खारटपणा मोजायचं साधन आणते म्हटलं तर नको म्हणायचात. बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. गावच्या खाडीची चव जिभेवर असलेल्या माणसाला साधन कशाला, असं तुमचं म्हणणं. आई गॅलरीत कपडे वाळत घालता घालता म्हणायच्या, "पस्तीस-चाळीस वर्षं आमटीची चव कधी आधी बघितली नाही यांनी. झाडांची बघतात." आणि सोसायटीच्या फलकावर कोणीतरी कागद लावला होता: 'गच्ची सर्वांची आहे. समुद्र ज्याचा त्याने आपल्या घरी ठेवावा.' तुम्ही तो वाचून खाली पेनानं 'आभारी आहोत' लिहून आलात.

मिठावर वाढवलेली ती झाडं पुढच्या वर्षी बाहेर लावली, ती मिठानं मेली नाहीत. ती लाटांनी गेली. काही उपटली गेली, काहींच्या खोडाला शिंपले चिकटून चिकटून ती वाकली, काही दिवसाचा बहुतेक वेळ पाण्याखाली राहून गुदमरली. तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं.

माझं म्हणणं साधं होतं. बांधाच्या बाहेरचा तो चिखल उघडा आहे, कारण तिथं झाड जगत नाही. फार खोल आहे, फार वेळ पाण्यात असतो. तिथं किडे असतात, त्यावर पक्षी जगतात, ती त्यांची जागा आहे. कांदळ आणि तिवर या खारफुटीच्या झाडांना लागते ती जागा जरा उंचावरची, जिथं पाणी येतं आणि परत जातं, मुळांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. आणि नाना, तशी जागा बांधाच्या आत आहे. तुमच्या आजोबांच्या वेळेला तिथं तिवरच होतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. ते तोडून, बांध घालून भातशेती केली. आता भातही नाही आणि तिवरही नाही. नुसती खारावलेली, भेगाळलेली जमीन पडून आहे. झडप उघडा. बाकीचं पाणी करेल. बी पाण्याबरोबरच येतं, त्याला आपल्या हातांची गरज नसते.

एवढं बोलून झालं की तुम्ही उठायचात आणि पिंपातलं पाणी ढवळायला लागायचात.

मी वर्गात मुलांना जे शिकवते ते सगळं तुम्हाला ऐकवलं. एकदा तर पोरांनाच गच्चीवर आणलं, तुमच्या पिशव्यांसमोर उभं करून शिकवलं. तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात आणि श्वास घेतात. कांदळाची मुळं कमानीसारखी खोडातून उतरतात. त्या जाळ्यात पाणी शिरलं की त्याचा जोर मोडतो, पाणी सावकाश होतं, सोबतचा गाळ तिथंच टाकून जातं. त्यानं किनारा धुपायचा थांबतो. कोळंबी, खेकडे, बोय मासे यांची पिल्लं त्या मुळांच्या आडोशाला वाढतात, मोठा मासा तिथं शिरू शकत नाही. वरून आलेली घाण गाळात अडकते. पानं पडतात, चिखलात दबतात, तिथं हवा नसल्यामुळं कुजायला फार वेळ लागतो, आणि धुराड्यांतून आपण सोडतो तो कार्बन त्या चिखलात पिढ्यान् पिढ्या पुरलेला राहतो. एका मुलानं विचारलं, मॅम, मग पुण्यात का नाही लावत? तुम्ही मागून म्हणालात, "लावलीयत की. मीठ परवडलं तर." सगळी पोरं हसली. मग तुम्ही त्यांना सांगितलंत की आपली मुठा पुढं भीमेला मिळते, ती कृष्णेला, आणि खडकवासल्याचं उरलंसुरलं पाणी जातं ते पलीकडच्या समुद्राला. "आमचं गाव इथून तीन तासांवर, पण पुण्याचा एक थेंब तिकडं येत नाही. आम्हीच येतो-जातो." मी मनात म्हटलं, वाशीमचं पाणीही त्या पलीकडच्या समुद्रालाच जातं. तुम्हा-आम्हा दोघांच्या पाण्याचा समुद्र एकच आहे, फक्त तो तुमच्या गावचा नाही.

शास्त्र तुम्हाला पटत नव्हतं असं नाही. उलट तुम्ही कट्ट्यावर जाऊन माझीच वाक्यं माझ्यापेक्षा झोकात सांगायचात, हे मला तिथल्या कुलकर्णी काकांनी सांगितलंय. तुमचं घोडं दुसरीकडं अडलं होतं. ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत, बांधावर बसून, पाण्याकडं बघत.

लहानपणी एका उधाणाला बांध फुटला. रात्रीतून नाही, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. अख्खी वाडी धावली. तुमच्या आईनं डोक्यावरून चिखलाची घमेली वाहिली, तुमचे वडील भगदाडात छातीएवढ्या पाण्यात उभे राहून दगड लावत होते, आणि पाणी त्यांच्या बाजूनं आत येतच होतं. पोटरीला आलेलं भात खारं झालं. दुसऱ्या वर्षीही काही उगवलं नाही. मग तुम्हाला पुण्याला मावशीकडं धाडलं, एक तोंड कमी व्हावं म्हणून. तुम्ही म्हणालात, "बांध फुटला म्हणून मी पुण्यात. आईबापांनी तो परत बांधला. आणि मी जाऊन दार उघडू? समुद्राला म्हणू, या, बसा?"

आमच्याकडं पाणी येत नाही म्हणून माणसं गाव सोडतात. पाणी आलं म्हणून गाव सोडलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते. त्या दिवशी विषय तिथंच सोडला. पण नाना, पुढच्या खेपेला पुन्हा तोच विषय काढला, हेही खरं. तुम्ही चिडलात. मी म्हणाले, बांध मोडा म्हणत नाही मी, तो राहू दे तुमच्या आईबापांचा. फक्त झडप काढा. तुम्ही म्हणालात, "दार नसलेल्या घराला घर म्हणतेस का तू?" आणि त्या वर्षीही झाडं बाहेरच लावलीत. मीही लावली तुमच्याबरोबर, गुडघाभर चिखलात उभी राहून, एकही जगणार नाही हे माहीत असताना. तुम्हालाही माहीत होतं, असं मला आता वाटतं.

यंदा दसऱ्याच्या सुमारास भाऊजींनी फोटो पाठवला. झडपेचा खालचा कोपरा कुजून गेला होता, तेवढ्यातून भरतीचं पाणी आत झिरपत होतं. आणि आतल्या कोपऱ्यात, जिथवर ते पाणी पोचत होतं बरोबर तिथवर, हिरवे ठिपके. तिवराची रोपं. तुम्ही आजारी होतात, तरी सकाळी खुर्ची गच्चीवर न्यायला लावायचात. मी फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही दोन बोटांनी फोटो मोठा केलात, आणखी मोठा केलात, इतका की नुसता हिरवा चौकोन उरला.

"कोणी लावली?"

"कोणी नाही."

तुम्ही 'हं' म्हणालात आणि चहा मागितलात.

मला वाटलं, झालं. आता बोलतील. तुम्ही दुसऱ्या दिवशी भाऊजींना फोन केलात आणि सांगितलंत, झडप कुजलीय, नवी करायला टाक. सागवानाची कर, जांभ्याच्या चौकटीत नीट बसेल अशी. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मी तुमच्याशी तो दिवसभर बोलले नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं, कारण संध्याकाळी तुम्ही स्वतःहून माझ्याकडं टाचणी मागितलीत, जी तुमच्या खिशालाच लावलेली होती.

त्यावर आपलं बोलणं झालं ते तेवढंच. नंतर दवाखाना, आणि मग तुम्ही नाही. शेवटच्या दिवसांत मी तुमच्या उशाशी बसून इतर सगळं बोलले. पोरांच्या परीक्षा, गच्चीवरच्या पिशव्या, वाण्याची चौकशी. तो विषय काढला नाही. तुम्ही थकला होतात, आणि दमलेल्या माणसाशी भांडून जिंकण्यात मला अर्थ वाटला नाही. पण म्हणून तो विषय तिथंच राहिला, आणि तुमचा शेवटचा शब्द म्हणून एक झडप राहिली.

दिवस झाले. मग कट्ट्यावरची मंडळी घरी आली. नानांच्या नावानं खाडीवर झाडं लावू म्हणाले, सगळे मिळून बस करून जाऊ, प्रत्येक झाडाला एकेक पाटी. चांगली माणसं आहेत, मनापासून बोलत होती. मंदारला भरून आलं. मी सरळ म्हणाले, बाहेर लावलेली झाडं जगणार नाहीत, तिथं पुढच्या वर्षी नुसत्या पाट्या उभ्या राहतील. कुलकर्णी काका म्हणाले, अहो, भावना महत्त्वाची. मी म्हणाले, भावना आहेच, पण झाडाला ती पुरत नाही. मंदारनं माझ्याकडं असं बघितलं की मी चहा आणायला उठले.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मंदार बोलला. "नानांनी झडप बसव सांगितलंय. ते गेल्यावर त्यांच्या शब्दाविरुद्ध जायचं, हे मला जमणार नाही. तुझं शास्त्र बरोबर असेल." नाना, मला तुमच्या मुलाचा राग आला नाही. बापाचा शेवटचा शब्द आणि बायकोचं बरोबर असणं, यात कोणाला निवडायला लावू नये. आणि मी स्वतःलाही विचारत होते, हे मी खाडीसाठी मागतेय, की तुमच्याशी अर्धं राहिलेलं भांडण एकटीनं जिंकायला?

आई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला गावी न्या. मला बघू दे काय ते."

रविवारी आम्ही अंधारातच निघालो. पोचलो तेव्हा ओहोटी होती. आई आयुष्यात फार तर चार-पाच वेळा त्या बांधावर गेल्या असतील. त्या बिबवेवाडीच्या, चिखलात पाय घालणं हे त्यांच्या कल्पनेत बसत नाही. पण उतरल्या. साडी खोचून, मंदारचा हात धरून आतल्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. फोटोतले ठिपके आता वीतभर झाले होते. पानं जाड, खालून पांढुरकी, आणि पानावर मिठाचे बारीक खडे. तिवर नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं, हे मी आईंना सांगितलं. त्यांनी एका पानावर बोट फिरवलं आणि, नाना, मी खोटं लिहीत नाही, ते बोट जिभेला लावलं.

"एवढी वर्षं मी जिने चढून मिठाच्या पिशव्या वाहिल्या," त्या म्हणाल्या. "आणि हे बसलंय इथं फुकट."

भाऊजी झडप घेऊनच आले होते. त्यांचंही ऐकून घ्यायला हवं होतं, ते मी आधीच ऐकलं होतं. आपल्या खाजणाला, म्हणजे बांधाच्या आतल्या खाऱ्या जमिनीला, लागून त्यांचं शेत आहे, मागं विहीर आहे. पाणी आत घेतलं तर त्यांचं काय? शिवाय एकदा तिवर वाढलं की कायद्यानं तोडता येत नाही, जमिनीवर पुन्हा हक्क सांगता येत नाही, हीही त्यांची धास्ती. म्हणून दिवाळीनंतर मी एकटी जाऊन त्यांच्याबरोबर मधला बांध पायाखालून घातला होता. तो धडधाकट आहे. जिथं खचला होता तिथं त्यांनी तो आधी भरून घेतला. भाऊजींना माझं व्याख्यान किती पटलं कोणास ठाऊक. पण पूर्वी बांधाच्या आत खेकडे मिळायचे, हे त्यांना आठवत होतं आणि ते पटायला पुरेसं होतं. तरी शब्द काकांचा होता. त्यांनी आईंना विचारलं, "काकू, बसवू ना?"

मी काहीच बोलले नाही. एवढं एकदा तरी मला जमलं.

आईंनी विचारलं, झडप तयार होऊन किती दिवस झाले? भाऊजी म्हणाले, झाले बरेच, काका दवाखान्यात जायच्या आधीच तयार होती. मग बसवली का नाहीस? भाऊजी म्हणाले, मी दोनदा फोन करून विचारलं. दोन्ही वेळेला काका म्हणाले, मी आल्यावर बघू.

आई हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आणि मंदारसुद्धा हसला, मग त्यानं तोंड फिरवलं.

कारण तुमचं 'मी आल्यावर बघू' आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पार्किंगमधली तुमची जुनी स्कूटर विकायला गिऱ्हाईक यायचं, तुम्ही घरात बसल्या बसल्या फोनवर सांगायचात, मी आल्यावर बघू. आई विचारायच्या, कुठून येणार आहात, घरातच तर आहात. स्कूटर अजून तिथंच आहे. ज्याला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायची लाज वाटते, त्या कामाला तुम्ही ते वाक्य लावायचात. बांधाच्या कामात मात्र ते तुम्ही कधी लावलं नव्हतं. बांधाला उंदरानं बीळ पाडलं असं कळलं तरी तुम्ही दुसऱ्या दिवशीची गाडी धरायचात.

आई म्हणाल्या, "त्यांना ही बसवायची असती तर आजारी असतानासुद्धा फोनवर उभं राहून बसवून घेतली असती. करायला सांगितली, ती आईबापांसाठी. बसवू दिली नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि तुझ्यासाठी नाही हां, उगाच हुरळू नकोस. त्या रोपांसाठी."

हा तुमचा होकार होता, असं मी म्हणणार नाही. सोयीचं तेवढंच ऐकतेस, असं तुम्ही लगेच म्हणाल. कदाचित तुम्ही खरंच थकला होतात आणि स्वतः यायचं ठरवत होतात. ते आता कोणालाच कळणार नाही, आणि ते तसंच बाळगून मला राहायला हवं. पण मंदारनं जुन्या झडपेच्या बिजागरीला स्वतः पहार लावली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी भरती आली. तुमच्या आठवणीतल्यासारखी नाही आली, नाना. बांध फोडून, माणसांना ढकलून नाही. त्या भोकातून आधी थोडा फेस आला, मग काडीकचरा, मग पाणी, गढूळ, सावकाश, जमिनीच्या भेगांतून वाट काढत. भेगा भरताना बारीक बुडबुडे येत होते. पाण्याबरोबर तिवराच्या दोन-चार बियाही आल्या, हरभऱ्यासारख्या फुगलेल्या. त्यातली एक रोपांपाशी जाऊन अडकली. आम्ही चौघं बांधावर बसून बघत होतो. मधेच आई कोणाशी तरी बोलल्यासारखं म्हणाल्या, "या. बसा." तुमचं ते बोलणं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं असणार.

बांध जागच्या जागी आहे. नवी झडप वाया गेलेली नाही. भाऊजींनी ती उघाडीच्या आतल्या ओहोळावर आडवी टाकलीय, पाय न भिजता पलीकडं जायला. सागवान आहे, पुष्कळ वर्षं टिकेल. कट्ट्यावरच्या मंडळींना मी पुढच्या पावसाळ्यात घेऊन जाणार आहे. पाट्या लावू देणार नाही, पण त्या फळीवरून चालवीन आणि तुम्ही मला दाखवलंत तसं सगळं दाखवीन. आणि निघताना मी गच्चीवरून नेलेलं तुमचं एक कांदळ आत लावलं. शास्त्राप्रमाणे त्याची गरज नव्हती. पाणी आपलं काम करणारच होतं. तरी चिखलात हात घातला, शेंगेचं बूड सरळ केलं, तुम्ही करायचात तसा भोवती अंगठा दाबला, आणि तेव्हा मला कळलं की तुम्ही दर वर्षी मरणारी झाडं लावायला का येत होतात. त्या गावात परत यायला तुम्हाला हातात काहीतरी लागायचं.

बाकीच्या पिशव्या अजून गच्चीवर आहेत. लहान आहेत, आषाढापर्यंत थांबायला हवं. सोसायटीच्या फलकावरचा कागद कोणीतरी काढून टाकलाय. वाण्यानं काल विचारलं, मीठ देऊ का, काकांचं बंद झालं ना. मी म्हणाले, बंद नाही झालं, द्या.

प्रयोगशाळेतलं साधन मी आणलंच नाही. आज सकाळी पिंपात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. कमी वाटलं. आईंना हाक मारली, त्यांनीही बघितलं, म्हणाल्या, कमीच आहे.

मूठभर घातलंय.